कमानीखालचा बर्फ

बर्फ नाहीसा करता येत नाही. तो एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेता येतो, एवढेच. एडमंटनच्या दक्षिणेला ट्रॅक्टर आणि अवजारे विकणाऱ्या एका दुकानात काउंटरमागे उभा राहून मी हे वाक्य सत्तावीस वर्षे ग्राहकांना ऐकवले. काहींना ते पटले. उरलेल्यांनी आपल्या मनाने अवजार घेतले आणि फेब्रुवारीत ते परत घेऊन आले.

मंडळाच्या वार्षिकांकासाठी नोकरीविषयी लिहा, असे संपादकांनी तीनदा सांगितले. नोकरीचा इतिहास लिहिण्याजोगा नाही. नागपूरचा डिप्लोमा, इथले पार्ट्सचे गोदाम, मग काउंटर, मग निवृत्ती. लिहिण्याजोगे जे आहे ते निवृत्तीनंतर घडले. आपल्या विहारातले पहिले लग्न, म्हणजे रमेश भगत आणि शोभाताई रामटेके यांचे, माझ्या एका सूचनेमुळे राहून जाण्याच्या बेतात होते. ते सांगण्यासाठी आधी धंदा थोडा उलगडून सांगावा लागेल.

ट्रॅक्टरला बर्फासाठी मुख्यतः तीन अवजारे जोडतात. पुढची बकेट बर्फ उचलते. ब्लेड तो बाजूला लोटते. ब्लोअर तो गिळून वीस-पंचवीस फूट लांब फेकतो. शहरातल्या घरापुढच्या लहान ड्राइव्हवेला ब्लेड पुरते. मोकळ्या माळावरच्या लांब रस्त्याला मात्र ते घातक ठरते. ब्लेडने लोटलेल्या बर्फाचा रस्त्याच्या कडेला बांध होतो, वारा त्या बांधाआड आणखी बर्फ आणून टाकतो, आणि जानेवारीपर्यंत रस्त्याचा खंदक होऊन बसतो. तिथे ब्लोअर हवा. तो सहसा ट्रॅक्टरच्या मागे बसतो, म्हणून ट्रॅक्टर उलटा चालवावा लागतो. चालवणाऱ्याची मान दुखते. त्यावर इलाज नाही.

ग्राहक यायचा तो हॉर्सपॉवरपासून सुरुवात करायचा. मी त्याला थांबवून तीन गोष्टी विचारायचो. रस्ता किती लांब आहे? त्याच्या खाली काय आहे? आणि वारा कुठून येतो? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेकांची नजर छताकडे जायची. एका दंतवैद्याने नव्या घरासमोर उंची फरशी बसवली होती आणि त्याला पोलादी धारेचे ब्लेड हवे होते. मी विकायला नकार दिला. त्याने मालकाकडे तक्रार केली. मालकाने मला बोलावून कारण विचारले आणि मग स्वतःच त्याला रबरी धारेचे ब्लेड दिले. दुसऱ्या एका शेतकऱ्याने ब्लोअर परत आणला. म्हणे, हा बर्फ फेकतच नाही. चालवून दाखवा म्हटल्यावर तो सरळ पुढे निघाला आणि ब्लोअर मागून फरफटत गेला. मी त्याला उलटे जाण्यास सांगितले. तो गेला, बर्फाचा फवारा उडाला, आणि पुढच्या वर्षी त्याने मला घरच्या मधाची बाटली आणून दिली. त्या दिवसाचा विषय आम्ही दोघांनीही पुन्हा काढला नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. ब्लोअरच्या दोन्ही अंगांना लोखंडी शूज, म्हणजे वर-खाली सरकवता येणारे पाय, असतात. त्यांवर तो जमिनीपासून किती वर चालेल ते ठरते. रस्ता खडीचा असेल तर सुरुवातीला तो दीड इंच वर ठेवावा. नाहीतर बर्फाबरोबर खडीही उडते आणि खिडक्या फुटतात. जमीन गोठली आणि खडीवर बर्फाचा कडक थर बसला, की शूज वर घेऊन ब्लोअर खाली आणावा. नाहीतर प्रत्येक वेळी थोडा बर्फ मागे राहतो, गाड्यांखाली दबतो, आणि रस्ता हळूहळू उंच होत जातो. या सूचनेचे असे दोन भाग आहेत. काउंटरवर मी दोन्ही सांगत असे. आपल्या लोकांना मी एकच सांगितला.

विहाराची जागा ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी लिहितो. शहरापासून पाऊण तासावर, शेतांच्या मध्ये, एका जुन्या शाळेची इमारत मंडळाने घेतली. मोठ्या रस्त्यापासून तिथवर पाव मैलाचा खडीचा रस्ता आहे. वारा वायव्येकडून येतो आणि त्याला अडवायला एकही झाड नाही. इमारतीबरोबर एक शेड आणि एक जुना, बंद कॅबचा ट्रॅक्टरही मिळाला. त्याला अवजार कोणते घ्यावे, यासाठी बैठक बसली.

अध्यक्ष वानखेडे संगणकाच्या कंपनीत आहेत. त्यांनी एकोणीस ब्लोअरांचा तक्ता रंगवून आणला होता आणि सर्वांत रुंद ब्लोअरला हिरवा रंग दिला होता.

“काका, विड्थ जास्त म्हणजे फेऱ्या कमी. सिंपल आहे.”

ट्रॅक्टरला तेवढा दम नाही, असे मी सांगितले. दम कुठल्या कॉलममध्ये टाकायचा, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, “फेब्रुवारीच्या.” लोक हसले. वानखेडेही हसले, आणि मी सुचवलेला सहा फुटी ब्लोअर बहुमताने मंजूर झाला. ट्रॅक्टर चालवण्याचे काम भगतांनी मागून घेतले. त्यांनी तीस वर्षे या शहराची बस चालवली आहे. बस उलटी नेण्याची वेळ क्वचितच आली, तेवढी हौस आता फेडून घेतो, असे ते म्हणाले.

ब्लोअर बसवला त्या दिवशी वानखेडे पाना घेऊन शूज वर-खाली करून पाहत होते. एकदा, दोनदा, पाच वेळा. मला ते सहन झाले नाही. मी म्हणालो, “दीड इंच. बदलायचे नाही.” आणि घरी गेलो. पुढच्या रविवारी शेडमध्ये प्लास्टिकच्या आवरणातले एक कार्ड टांगलेले दिसले. वर ‘गजभियेकाकांची सूचना’, आणि खाली माझे ते चार शब्द मोठ्या अक्षरांत. मला बरे वाटले, हे कबूल करतो. सत्तावीस वर्षांत माझे बोलणे कोणी भिंतीवर लावले नव्हते.

त्याच शरद ऋतूत अंगणाच्या तोंडाशी लाकडी कमान उभी राहिली. दोन खांब, वर आडव्या तुळया, मधोमध चक्र. सहा आठवडे दर शनिवार-रविवारी लोक खपत होते. रंग भगतांनी दिला. कमानीच्या दोन्ही बाजूंना खोल चर आहेत, त्यामुळे अंगणातून बाहेर पडण्याची वाट तेवढीच. ट्रॅक्टर खालून जातो की नाही, ते मी स्वतः उभा राहून पाहिले. कॅबच्या टपावर एक फिरता दिवा आहे. दिवा आणि तुळई यांच्यात चार बोटे अंतर राहिले. पुरे, असे मी म्हणालो. ते चार बोटांचे अंतर आणि ती अर्धी सूचना यांची मी मनात कधी भेट घडवून आणली नाही. काउंटरवर असतो तर घडवली असती.

त्यात आपल्या लोकांची एक रीत आहे. येणारी प्रत्येक गाडी कमानीखाली थांबते. माणसे उतरतात, फोटो काढतात, पुन्हा बसतात, आणि गाडी पुढे सरकते. त्यामुळे साऱ्या रस्त्यावर बर्फ दबत होता तो दबत होताच, कमानीखाली तो सर्वांत जास्त दबत होता.

भगत विधुर, वय सदुसष्ट. शोभाताई निवृत्त नर्स, चंद्रपूरच्या, वय त्रेसष्ट, नऊ वर्षांपूर्वी पती गेले. विहारात रविवारी खिचडी करता करता दोघांचे जमले. भगतांचा मुलगा मिलिंद विंडसरला मोटारींच्या कारखान्यात आहे, ताईंची मुलगी स्नेहा मिसिसागाला. दोघांनाही हे पसंत नव्हते. मिलिंदने वडिलांशी दोन महिने फोनवर फक्त हवामानाची चौकशी केली. शेवटी दोघे एका दिवसासाठी येण्यास तयार झाले: शुक्रवारी रात्री उतरायचे, शनिवारी अकराला लग्न, संध्याकाळच्या विमानाने परत. हा दिवस चुकला तर मुले पुन्हा येणार नाहीत, हे भगत जाणून होते. मुलांवाचून लग्न करायचे नाही, असे ताईंनी आधीच सांगितले होते. आमच्याकडे मुहूर्त नसतो, वेळ असते. या लग्नाला वेळ एवढीच होती.

शुक्रवारी बर्फ पडला आणि वारा सुटला. शनिवारी उणे चोवीस तापमान होते. मोठा रस्ता सरकारी ग्रेडरने मोकळा केला होता. मी उजाडता, म्हणजे इथल्या जानेवारीत पावणेनऊला, विहाराच्या फाट्यावर पोचलो, तर आपला रस्ता जसाच्या तसा बंद. कुठे गुडघाभर बर्फ, कुठे कमरेएवढा. भगत आदल्या संध्याकाळीच विहारात मुक्कामाला गेले होते, तरी ब्लोअरचा आवाज नव्हता. मी गाडी तिथेच ठेवून चालत निघालो. पाव मैलाला अर्धा तास लागला.

ट्रॅक्टर कमानीत अडकला होता. ब्लोअर बाहेर, कॅबची मागची कड तुळईला टेकलेली. बाजूला भगत उभे होते. पांढरा सूट, वर जाड जॅकेट, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट. नवरदेवाचा असा वेष मी दुसरा पाहिलेला नाही.

“जयभीम, भाऊ,” ते म्हणाले. “थोडं वर झालं वाटते.”

टपावर दिवा नव्हता. त्याबद्दल विचारल्यावर समजले की डिसेंबरातच तो तुळईला घासू लागला होता, म्हणून भगतांनी तो काढून कपाटात ठेवला. मग दिव्याची बैठक घासू लागली, म्हणून तीही काढली. ब्लोअर खाली घ्यावा असे वाटले नाही का, असे मी जरा चढ्या आवाजात विचारले.

“वाटलं न. पण कार्डावर लिहिलं होतं, बदलायचं नाही म्हणून. तुम्ही लिहिलं, मग मी कावून बदलू?”

मी गुडघ्यावर बसून पहारीने खाली टोचून पाहिले. खडीवर सहा इंचांचा थर होता आणि तो दगडासारखा झाला होता.

दहाच्या सुमारास मोठ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. फोन सुरू झाले. वानखेडे मीठ टाका म्हणाले. उणे चोवीसला मिठाचा उपयोग होत नाही, असे मी सांगितले. कोणी लग्न तिथेच रस्त्यावर लावा म्हणाले. ताईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन जेमतेम चार महिने झाले होते, म्हणून तरुणांनी त्यांना खुर्चीत बसवून उचलून आणण्याची तयारी दाखवली. त्यांचे उत्तर भगतांनी फोन माझ्या कानाला लावून ऐकवले.

“मी उचलून येणार नाही. पेशंट उचलून आणतात. रस्ता करा, मी माझ्या पायांनी येते. नाही झाला तर समजू, नव्हतं व्हायचं.”

भगतांनी फोन खिशात ठेवला आणि पहार उचलली. आम्ही दोघे आळीपाळीने घाव घालू लागलो. दहा मिनिटांत ताटाएवढा तुकडा निघाला. कमानीची रुंदी बारा फूट, ट्रॅक्टरची लांबी त्याहून थोडी जास्त. मी मनात हिशेब केला. संध्याकाळ झाली असती.

तेवढ्यात मिलिंद आणि स्नेहा बर्फातून वाट काढत येताना दिसले. मिलिंदच्या पायांत शहरी बूट होते आणि त्याचा चेहरा रागाने की थंडीने लाल झाला होता, ते कळत नव्हते. त्याने ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिले, कमानीकडे पाहिले.

“ही वरची बीम कापू या. सॉ असेल ना?”

“नाही,” भगत म्हणाले. एवढेच म्हणाले. मला वाटले, आता हा परत फिरणार. तो पुन्हा खाली वाकला.

“ओके. मग अंकल, तुम्ही सगळं का फोडताय? कॅब टायरवर उभी आहे. जस्ट द टायर ट्रॅक्स. दोन पट्टे.”

मी हातातली पहार थांबवली. सत्तावीस वर्षे ज्याने लोकांना शहाणपण विकले, त्याला हे सुचले नव्हते. कमानीखाली चाकांपुरत्या दोन चऱ्या खणायच्या, ट्रॅक्टर त्यांत उतरवायचा, मधला उंचवटा तसाच पोटाखालून जाऊ द्यायचा. काम एका झटक्यात पावपट झाले. मी फक्त “बरोबर” म्हणालो. माझ्या तोंडून हा शब्द सहसा निघत नाही, मालकाला विचारावे.

ट्रॅक्टर पुढे, अंगणात घेऊन कमानीखालची जागा मोकळी केली. मिलिंदने स्नेहाच्या गळ्यातला लांब स्कार्फ मागून घेतला, त्याने चाकांमधले अंतर मोजले आणि बर्फावर पहारीच्या टोकाने चार रेघा ओढल्या. मग पहार त्याच्याकडे, टिकाव माझ्याकडे, फावडी भगत आणि स्नेहाकडे. स्नेहा मराठीला इंग्रजीत उत्तर देते, पण फावडे मारताना तिचे तोंड मराठीत सुटले. आईला या वयात लग्न सुचते, त्यातही अशा माणसाशी जो कार्ड वाचून ट्रॅक्टर चालवतो, असे काहीसे ती म्हणाली. भगत फावड्यावर रेलून हसू लागले. हसू आवरेना. मिलिंदही हसला. म्हणाला, “रेड म्हणजे रेड. समोर रस्ता रिकामा असला तरी बाबा सिग्नलला थांबतात. लहानपणी दर वेळी शाळेला उशीर.”

“एकदाही अपघात नाही,” भगत म्हणाले.

“एकदाही वेळेवर नाही,” मिलिंद म्हणाला. दोन महिन्यांत बापलेकांमध्ये हवामानापलीकडे झालेले हे पहिलेच बोलणे, असे भगतांनी मला नंतर सांगितले.

साडेअकराला चऱ्या तयार झाल्या. भगत कॅबमध्ये चढू लागले तेव्हा मिलिंद म्हणाला की सूट खराब होईल, मी नेतो. उलटे न्यायचे आहे, असे भगतांनी बजावले. मीच नेतो, मान मला वळवता येते, असे त्याने सांगितले. पण नवरदेव ऐकेनात. हे काम आपले आहे, असे म्हणून ते बसले. मिलिंद चरीच्या टोकाशी उभा राहून दोन्ही हातांनी खुणा करू लागला. चाके चऱ्यांत उतरली. तुळई आणि टप यांच्यात तीन बोटे मोकळी राहिली. मी मोजली. या वेळी मी ‘पुरे’ म्हणालो नाही.

बाहेर निघाल्यावर भगतांनी ब्लोअर खाली टेकवला आणि चालू केला. ज्यांनी हे पाहिले नसेल त्यांना कसे सांगावे? कोरडा बर्फ पंधरा फूट उंच उसळतो, वारा त्याला घेऊन शेताकडे जातो, आणि ऊन असेल तर त्या साऱ्या पडद्यात लहान लहान रंग चमकतात. त्या दिवशी ऊन होते. पांढऱ्या सुटातला एक गृहस्थ मान मागे वळवून, ताशी दोन मैलांच्या वेगाने, आपल्या नवरीकडे उलटा चालला होता. मागे राहत गेलेल्या वाटेवरून आम्ही तिघे चालत होतो. मी नोकरीत शेकडो ब्लोअर विकले. एकही असा चालताना पाहिला नव्हता.

फाट्याशी ग्रेडरने सोडलेला गोठलेल्या ढेकळांचा वरंबा होता. असली ढेकळे ब्लोअरमध्ये गेली तर आतला एक मुद्दाम कच्चा ठेवलेला बोल्ट तुटतो आणि यंत्र थांबते. मी त्याच्याच काळजीत होतो. पोचून पाहतो तर वरंबा फोडून झाला होता. शोभाताई गाडीतून उतरून, साडीवर कोट आणि कोटावर शाल घेऊन, काठी टेकत उभ्या होत्या आणि वानखेडेंसकट आठ-दहा जणांकडून ते काम करवून घेत होत्या. वॉर्डातल्या नर्सचा आवाज होता. वानखेडेंच्या भुवयांवर बर्फ जमला होता आणि त्यांच्याजवळ कुठलाही तक्ता नव्हता.

भगत खाली उतरले. दोघे समोरासमोर उभे राहिले. ताईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळले.

“गुडघ्याला ग्रीस लागलं आहे,” त्या म्हणाल्या.

“हो,” भगत म्हणाले. “चला.”

त्या आपल्या पायांनी चालत आल्या, पाव मैल, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताला स्नेहा. मागे सगळे लोक, त्यांच्या मागे गाड्या. कमानीखाली कोणी फोटोसाठी थांबले नाही. सर्वांना थंडी वाजत होती. एक वाजता त्रिशरण-पंचशील झाले, हार घातले गेले. जेवण पुन्हा गरम करावे लागले. जेवताना लोकांनी माझ्या कार्डावरून मला यथेच्छ छेडले. मी ऐकून घेतले. छेडण्यासारखेच होते.

अडीच वाजता मुलांना विमानतळावर सोडण्यासाठी वानखेडे गाडी गरम करू लागले. मिलिंद कुठे दिसेना. ब्लोअर किती खाली घ्यायचा ते भगतांना एकदाचे पुरते सांगून टाकावे, म्हणून मी शेडकडे गेलो. मिलिंद ब्लोअरखाली पालथा पडला होता. एका बाजूचा शू मोकळा करून त्याने पट्टी लावली होती आणि अंतर मोजत होता. तिकीट मंगळवारचे करून घेतले आहे, सोमवारी पुन्हा बर्फ आहे, बाबांना मान वळवताना त्रास होतो, असे त्याने माझ्याकडे न पाहताच सांगितले. त्याने सकाळपासून काही खाल्ले नव्हते.

शोभाताई ताट घेऊन आल्या. त्याचे दोन्ही हात तेलाने काळे होते. त्याने एक हात सुटाला पुसू पाहिला, पण त्यांनी डोळे वटारले. मग त्या ताट धरून तशाच उभ्या राहिल्या. तो चमच्याने, उभ्या उभ्या, एका हाताने पट्टीवरचा आकडा सांभाळत जेवला. भात संपल्यावर म्हणाला, “थोडी डाळ आहे का अजून?” त्या आणायला गेल्या.

मी काही न सांगता परत आलो. शू योग्य अंतरावर होता.